ऐकून पाहिले, ठीक

सत्तावीस वर्षं एकाच खोलीत बसून लोकांचे कान तपासणाऱ्या त्या बाईंना सगळा दवाखाना ‘कानवाल्या बाई’ म्हणायचा. तोंडावर नुसतं ‘बाई’. थोरल्या डॉक्टरांनी त्यांना कामावर ठेवलं, तेव्हा धाकटे डॉक्टर शाळा सुटली की दप्तरासकट येऊन बाईंच्या टेबलाखाली घर-घर खेळायचे. पुढे थोरले गेले, धाकटे त्यांच्या खुर्चीत बसायला लागले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. बाई मात्र होत्या तिथेच होत्या.

त्यांचं काम सांगायला सोपं. खोलीच्या आत आणखी एक लहानशी खोली होती. जाड दार, भिंतींना स्पंज, समोर एक काच. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, “आवाज आला की दाबा. अगदी पुसट आला तरी दाबा.” मग बाहेर बसून एकेक सूर हळूहळू बारीक करत न्यायचा. जिथे माणसाचा अंगठा थांबला तिथे कागदावर खूण. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. त्या गोल-फुल्यांवर कुणाची नोकरी टिकायची, कुणाला कानाला यंत्र लागायचं. कुणी सोंग करत असेल तर बाई काचेतून नुसत्या त्याच्या भुवया बघून ओळखायच्या. या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता, आणि तो काही फुकाचा नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी जुनं मशीन बंद पडलं. सुटे भाग कुठेच मिळेनात, म्हणून डॉक्टरांनी नवी पद्धत आणली. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम, त्याला जोडलेली सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी, आणि डबीला हेडफोन. ही डबी म्हणजे कन्व्हर्टर. कॉम्प्युटरमधले आकडे घेऊन त्यांचा आवाज करायचा, एवढंच तिचं काम. बसवायला आलेल्या माणसाला भारी घाई होती. त्याने डबीची यूएसबी वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खुपसली आणि म्हणाला, “ही एकच वायर. आवाजही यातूनच, वीजही यातूनच. झंझटच नाही.” दुसऱ्या दिवशी मीटरवाला आला. त्याने मोठे मोठे सूर लावून आवाजाची पातळी मोजली, प्रमाणपत्रावर शिक्का मारला आणि गेला.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत बाई स्वतः हेडफोन लावून बघायच्या. सूर नीट येतात ना, मधल्या शांततेत काही घरघर, खरखर नाही ना. मग रजिस्टरमध्ये तारीख, त्यापुढे ‘ऐकून पाहिले, ठीक’ आणि सही. सत्तावीस वर्षांत ही सही एकदाही चुकली नव्हती.

त्या मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला क्रेनवाला आला. अपॉइंटमेंट नव्हती. गोदीवरच्या उंच क्रेनमध्ये बसून जहाजातले कंटेनर उतरवणारा पन्नाशीचा माणूस, खांद्याने रुंद आणि बोलायला कमी. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीसाठी येऊन गेला होता. बाईंनी त्याच्या कागदावर लिहिलं होतं: दोन्ही कानांत उंच सूर कमी, कानात सतत आवाज. कंपनीने त्याला क्रेनवरून उतरवून फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं होतं.

“मॅडम, माझी टेस्ट परत करा,” तो उभ्याउभ्याच म्हणाला.

“दादा, तीन आठवड्यांत कान बदलत नाहीत.”

“कान नाही बदलले. पण तुम्ही लिहिलंत माझ्या कानात शिट्टी वाजते. घरी नाही वाजत.”

बाईंना हे नवं नव्हतं. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, “घरी पंखा असतो, रस्ता असतो, माणसं असतात. त्यात ती दबून जाते. इथे सगळं शांत, म्हणून कळते. बऱ्याच जणांचं असंच होतं.”

“मी तीन आठवडे पहाटे उठून गच्चीवर बसतोय,” तो म्हणाला. “चिटपाखरू नसतं. नाही वाजत.”

बाहेर दोन पेशंट ताटकळले होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आवाज चढवत नव्हता, आणि जागचा हलतही नव्हता. “बसा आत,” त्या शेवटी म्हणाल्या. “पाच मिनिटं.”

दार लागलं. बाईंनी अजून एकही सूर सोडला नव्हता तोच आतून माइकवर त्याचा आवाज आला, “वाजतेय.”

“मी अजून काही लावलेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी. शिट्टी वाजतेय. बारीक, एकसारखी.” मग काचेतून बाईंना दिसलं, की त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. थोडा वेळ तसाच बसला. परत चढवले. परत काढले. चौथ्यांदा काढल्यावर त्याने मान वर केली आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. “मॅडम, काढले की बंद. लावले की चालू. माझ्या कानातली असती तर ती माझ्याजवळच राहिली असती ना?”



बाईंना लगेच आठवले ते बाकीचे. गेल्या दोन महिन्यांत ‘कानात सतत आवाज’ त्यांनी किती जणांच्या कागदावर लिहिलं होतं? दहा? बारा? मागच्याच आठवड्यात डॉक्टर हसत म्हणाले होते, “बाई, हल्ली सगळ्या गावाचे कान वाजायला लागलेत वाटतं.” आणि बाईही हसल्या होत्या. ज्याला शिट्टी ही शिट्टी म्हणून कळली त्याने निदान सांगितलं तरी. ज्याला कळली नाही, त्याचा बारीक सूर त्या शिट्टीखाली गुपचूप बुडाला असणार, आणि बाईंनी त्याच्या कागदावर खाली, वाईट जागी, गोल काढला असणार.

त्यांनी बाहेरच्या दोघांना दुपारी यायला सांगितलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आले, ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या. “उद्या बाटल्यांच्या कारखान्याची पन्नास माणसं येणार आहेत,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “वायर हलवून बघा.”

बाई टेबलाखाली शिरल्या. पुढच्या भोकातली यूएसबी काढून कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात लावली. क्रेनवाला आतून म्हणाला, “कमी झाली. पण आहे.”

“किती कमी?” डॉक्टरांनी माइकवर विचारलं.

“लक्ष दिलं तर येते. नाही दिलं तर नाही.”

“झालं तर मग,” डॉक्टर म्हणाले.

पण बाई कपाट उघडून कन्व्हर्टरचं खोकं शोधत होत्या. खोक्यात माहितीचा कागद होता, त्यावर जोडणीची तीन चित्रं. पहिलं यूएसबीचं. दुसरं गोल पिनेच्या जाड वायरीचं, पण ती लावायचं भोक त्यांच्या कॉम्प्युटरला नव्हतंच. तिसरं ऑप्टिकल. ती वायर खोक्यातच होती, पिशवीही न फोडलेली, शेजारी डबीला वेगळी वीज द्यायचा छोटा चार्जर. कागदावर लिहिलं होतं की या वायरीतून फक्त उजेड जातो, त्यामुळे कॉम्प्युटरमधल्या विजेचा गोंगाट डबीपर्यंत पोचत नाही. बाईंनी वायर हातात घेतली. फिरकीच्या दोऱ्यासारखी हलकी, आणि जास्त वाकवू नका असं बजावलेलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे एका चौकोनी भोकाला इवलंसं झाकण होतं. त्यातून तांबडा उजेड येत होता. दोन महिने तो तिथे होता आणि बाईंनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

जोडणी बदलली, प्रोग्राममध्ये आवाजाची वाट बदलली. आत क्रेनवाला डोळे मिटून बसला. अर्धं मिनिट गेलं.

“दादा?”

“थांबा,” तो म्हणाला. मग, “गेली. काहीच नाही. माझाच श्वास ऐकू येतोय.”

बाईंनी सुस्कारा सोडला, पण डॉक्टरांचा चेहरा उलट जास्तच ओढला गेला. “बाई, शिक्का यूएसबीच्या जोडणीवरचा आहे. ही वायर ठेवली तर मीटरवाल्याला परत बोलवावं लागणार. तो शनिवारशिवाय यायचा नाही. तोवर दवाखान्याने काय करायचं? उद्याच्या पन्नास माणसांना काय सांगायचं? मागची यूएसबी ठेवा. शिक्काही शाबूत आणि शिट्टीही जवळजवळ नाही.”

“लक्ष दिलं तर येते, म्हणाले ते.”

“लक्ष दिलं तर.”

“डॉक्टर, लक्ष देऊनच जे ऐकू येतं तेवढंच तर मी मोजते,” बाई म्हणाल्या. “दुसरं काय करते मी इथे?”

डॉक्टर हटले नाहीत. “ठीक आहे. त्यांचं राहू द्या, त्यांना नोकरी परत हवी आहे, ते म्हणणारच. तुम्ही ऐका. तुमचा कान तयार आहे. मागच्या यूएसबीवर तुम्ही ऐकून सांगा किती येतेय. तुम्ही सांगाल तसं करू.”

क्रेनवाला बाहेर आला. माइक चालूच राहिला होता, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं त्याने ऐकलं होतं. जबडा घट्ट करून तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाई आत जाऊन बसल्या. आपल्याच खोलीत, काचेच्या त्या बाजूला. डॉक्टरांनी वायर बदलली आणि हात वर करून खूण केली.

बाईंनी ऐकलं. शांत होतं. त्यांनी श्वास रोखून ऐकलं. तरी शांतच.

“पुढच्या भोकात लावा,” त्या माइकवर म्हणाल्या. “आधी होती तिथे.”

डॉक्टर वाकले, उठले, पुन्हा हात वर केला. बाईंनी डोळे मिटले. याच जोडणीवर तीन आठवड्यांपूर्वी या माणसाला शिट्टी ऐकू आली होती, मगाशीही आली होती. बाईंच्या कानात मात्र काहीच नव्हतं. चांगली घट्ट, स्वच्छ शांतता. रोज सकाळी ऐकून ज्याखाली त्या सही करत होत्या, तीच.

मागच्या महिन्यात सासूबाईंना ताप होता. बाईंनी त्यांच्या काखेत थर्मामीटर लावलं आणि पलंगाशी बसून राहिल्या, कधी वाजतंय याची वाट बघत. नवरा आतल्या खोलीतून ओरडला, “अगं, वाजून वाजून थकलं ते. काढ की.” बाईंनी थर्मामीटरची बॅटरी उतरली असेल म्हणून नवी आणून घातली होती.

काचेपलीकडे दोन पुरुष त्यांच्याकडे बघत होते. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. बाईंना कळत होतं, की ‘हो, येतेय, चांगली मोठी येतेय’ असं म्हटलं तर सगळं सुरळीत होईल. ऑप्टिकल वायर लागेल, क्रेनवाल्याला न्याय मिळेल, दोष डबीवर जाईल, आणि सत्तावीस वर्षांना कुणी बोट लावणार नाही. खोटंही नव्हतं ते. शिट्टी होतीच की. माइकचं बटण दाबायला त्यांनी दोनदा बोट नेलं आणि दोनदा मागे घेतलं.

मग त्यांनी हेडफोन काढले, दार ढकललं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे मागच्या भोकात...”

“मागच्याही नाही, पुढच्याही नाही. डॉक्टर, मला त्या पट्टीतलं काही ऐकूच येत नाहीये. मी रोज सकाळी सही केली ती न ऐकता केली.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी रजिस्टरकडे नुसतं पाहिलं, उघडलं नाही. “याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?” ते हळू आवाजात म्हणाले. “दोन महिन्यांत किती माणसं?”

“त्रेचाळीस.”

“बाहेर कळलं तर उद्या एकही कारखाना आपल्याकडे माणूस पाठवणार नाही. बाबांनी उभं केलेलं सगळं एका वायरीपायी...” ते थांबले. क्रेनवाला अजून भिंतीशी उभा होता. “यांचा रिपोर्ट आपण नीट करून देऊ. बाकीच्यांचं बघू.”

“बघू म्हणजे?” हे क्रेनवाल्याने विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. “सगळ्यांना परत बोलवायचं. फोन मी करते. चूक माझ्या कानाची आहे, तसं मीच सांगेन. तुमचं नाव घेणार नाही.”

“माझंच नाव आहे बाई दारावर,” डॉक्टर म्हणाले, उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार जोरात लागलं. बाईंना वाटलं, संपलं. सत्तावीस वर्षांचं बस्तान एका सकाळीत उठलं. पण दहा मिनिटांनी रिसेप्शनवरची बाई आत आली आणि गोंधळून म्हणाली, “बाई, डॉक्टर म्हणतात कारखान्याला फोन करून उद्याचं रद्द कर. आणि तुमच्याकडून त्रेचाळीस नावांची यादी घ्यायला सांगितलीय.”

गुरुवारी बाई दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात स्वतःचे कान तपासायला गेल्या. तिथलीही खोली तशीच, काच तशीच. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसली, आणि बाईंच्या लक्षात आलं की सूर सोडताना तिचा खांदा किंचित हलतो. न ऐकता नुसतं त्या खांद्याकडे बघून बटण दाबलं असतं तरी कागद चांगला आला असता. बाईंनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेवटच्या सुरांना त्यांचा अंगठा नुसता बटणावर टेकून राहिला, कितीतरी वेळ, आणि बाहेरची मुलगी आवाज वाढवत असणार हे कळत असूनही काही येईना. कागदावर त्यांचे गोल आणि फुल्या उजवीकडे घसरगुंडीसारख्या खाली गेल्या होत्या. वयाचा परिणाम, असं लिहिलं होतं. घरी नवऱ्याने तो कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाला, “मला वाटायचं तू मुद्दाम ओ देत नाहीस.”

शनिवारी मीटरवाला आला. ऑप्टिकल वायर कायम झाली, भिंतीच्या कडेने न वाकवता नेली, नवा शिक्का बसला. सकाळचं ऐकण्याचं काम रिसेप्शनवरच्या बाईकडे गेलं, तिची सहीसुद्धा. टेस्ट बाईच करत राहिल्या. डॉक्टर महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. दोन कंपन्यांनी आपली माणसं दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, तेव्हा तर ते तेवढंही बोलेनात. पण यादीतल्या प्रत्येक माणसाला द्यायच्या पत्रावर त्यांनी न कुरकुरता सही केली.

बाईंनी फोन करायला सुरुवात केली. काहींनी आभार मानले, दोघांनी शिव्या घातल्या, एका आजोबांना सांगितलेलं ऐकूच आलं नाही आणि त्यांच्या सुनेने निरोप घेतला. एकोणचाळीस जण परत आले. चौदा जणांचे कागद बदलले. क्रेनवाल्याचा डावा कान थोडा उतरलेला निघाला, पण चालण्यासारखा. त्याला क्रेनवर परत घेतलं. जाताना तो बाईंना म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तरी मला चाललं असतं.” बाई म्हणाल्या, “मला माहीत होतं ते.”

बाटल्यांच्या कारखान्यातली एक बाई मात्र फोनवर म्हणाली, “आता कशाला सांगता?” आणि फोन ठेवला. तिचं काम होतं पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांच्या किणकिणाटातून तडकलेली बाटली ओळखायचं. कागदावर उंच सूर कमी आल्यामुळे तिला काढलं होतं, आणि जागा भरलीसुद्धा होती. बाईंनी पुन्हा फोन केला, पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात ती आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आत जाऊन बसली आणि एकेका सुराला असं बटण दाबलं की जणू ते बाईंच्या कपाळावर दाबतेय. कान लख्ख होते. बाईंनी कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “मी येते तुमच्याबरोबर कारखान्यात.”

“तुम्ही येऊन काय होणार?”

“माहीत नाही. पण कागद मी लिहिला होता.”

दोघी बसने गेल्या, शेजारी बसून, अर्धा तास. मॅनेजरने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बाईंना विचारलं, “आपण कोण? यांच्या नातेवाईक?”

“नाही. पहिला रिपोर्ट चुकीचा आहे, तो मी दिला होता,” बाई म्हणाल्या, आणि मग वायरीपासून स्वतःच्या कानापर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता. मॅनेजरने मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी तो म्हणाला, जुनी जागा भरली आहे, तिथल्या माणसाला काढता येणार नाही. पॅकिंगमध्ये एक जागा महिनाअखेरीला होईल. पट्ट्यावरची जागा रिकामी झाली तर पहिलं नाव यांचं.

“लेखी द्या,” बाटल्यावाली म्हणाली.

मॅनेजरने बाईंकडे पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्याने खालच्या खणातून लेटरहेड काढलं आणि लिहायला घेतलं.

बाटल्यावाली पाच महिने पॅकिंगमध्ये होती. मग पट्ट्यावर परत गेली.